हाळी चालू

७ एप्रिल २०२५, सोमवार

पोचले एकदाची! सकाळी सहाला बेलापूर सोडलं, नगरला गाडी बदलली आणि जामखेडच्या स्टँडवर उतरले तेव्हा अंगावर धुळीचा एक जादा ड्रेस चढला होता. न्यायला अजिनाथभाऊ आले होते. इथले मशीन ऑपरेटर, वय पन्नासच्या आसपास, मिशा अगदी इस्त्री केल्यासारख्या. मोटारसायकलवर माझी बॅग पुढं आणि मी मागं. खर्ड्याच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं की मॅडम, तुमी चंद्रावर जानाऱ्या मॅडम का? म्हटलं हो, पण वाटेत चहा मिळाला तरच. तेव्हापासून आमचं जमलं.

नोकरीचं ठिकाण म्हणजे चिंचेचं जुनं कोल्ड स्टोरेज. माळरानावर एकटं उभं आहे, वर पांढरा पत्रा, भोवती तारेचं कुंपण. आमच्या कंपनीनं ते भाड्यानं घेऊन आत चंद्र बसवलाय. चंद्रावर फिरणाऱ्या छोट्या गाडीची विजेची पेटी आम्ही बनवतो, आणि ती तिथल्या उजेडात, अंधारात, थंडीत टिकते का हे इथं बघायचं. पुण्यातले मित्र हसले. स्नेहल, सगळे पुण्याला येतात, तू जामखेडला चाललीस! हसू देत. बाबा गेल्यापासून आई बेलापूरला एकटी आहे. निदान जिल्हा एक, एका दिवसात घरी पोचता येतं. रोज दुपारी एकला तिचा फोन येणार, जेवलीस का विचारायला. तेवढ्या एका प्रश्नात तिचं सगळं विचारून होतं.

खोली कुंपणाच्या आतच आहे. अजिनाथभाऊंची बायको, भागिरथीवहिनी, डबा देते. आज शेंगदाण्याची आमटी आणि बाजरीची भाकरी होती. दोनदा वाढून घेतलं, लाज सोडून.

८ एप्रिल, मंगळवार

बाहेर एक्केचाळीस, आत उणे तीस. फुगलेला सूट, दोन हातमोजे, कानटोपी असा थाट करून मी आज चंद्रावर पाऊल ठेवलं आणि दुसऱ्याच पावलाला घसरले.

हॉल सत्तर पावलं लांब आहे. भिंती, छत सगळं काळं, वर काळा फोम. खाली आपल्याच काळ्या पाषाणाची भुकटी, घोट्यापर्यंत. चंद्राच्या काळ्या पट्ट्यांतला दगडही साधारण याच जातीचा, त्यामुळे माती आणायला लांब जावं लागलं नाही. पश्चिमेच्या भिंतीला एकच दिवा, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तो आमचा सूर्य. चंद्राच्या ध्रुवाजवळ सूर्य डोक्यावर येतच नाही, क्षितिजालगत सरपटत राहतो. म्हणून खड्याएवढ्या दगडाची सावली ट्रकएवढी पडते. आणि ती सावली आपल्यासारखी नसते. आपल्याकडं झाडाखालीही पेपर वाचता येतो, कारण आकाश सगळीकडं उजेड वाटत असतं. तिथं हवा नाही, आकाश काळं, सावलीत हात घातला की हात गेला.

यंत्रांचे हाल विचारू नका. जी बाजू उन्हात ती तापून पाणी उकळेल इतकी, आणि तीच वस्तू सावलीकडून गोठलेली. एकीकडं धातू ताणला जातो, दुसरीकडं आकसतो, सोल्डरच्या सांध्यांना तडे जातात, साधी वायर पापडासारखी मोडते. कॅमेरा एक तर दिपतो नाही तर आंधळा होतो. वर चौदा दिवसांची रात्र. तेव्हा पेटीनं मुडद्यासारखं पडून राहायचं, पोटात जेमतेम ऊब धरायची आणि सूर्य आला की आपणहून उठायचं. खऱ्या उणे दोनशेची परीक्षा दुसरीकडं एका मोठ्या टाकीत झाली आहे. आमच्याकडं उजेड-सावलीची परीक्षा, आणि परवडेल तेवढी थंडी.

हॉलच्या मधोमध या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दगडांचा पुरुषभर उंच काठ रचलाय, चंद्रावरच्या खड्ड्याचा. काठाच्या पश्चिमेला दिवा आणि उजेड. पूर्वेला दारापर्यंत कायमची सावली, आणि पेटी त्या सावलीत. पलीकडं जायला काठात एक वाकडी फट आहे, जेमतेम एक माणूस जाईल इतकी. आत टॉर्च न्यायला बंदी, कारण उजेडाचा एक थेंब सांडला तरी मोजमाप वाया.

मग सावलीतल्या माणसाला काही झालं तर कळणार कसं? त्यासाठी हाळीचा नियम. पेटीजवळच्या खांबावर थर्मामीटर आहे, काट्याला अंधारात चमकणारा रंग, आणि शेजारी माईक. सावलीतल्या माणसानं दर मिनिटाला आकडा मोठ्यानं सांगायचा. दार फक्त बाहेरून उघडतं. तिथं अजिनाथभाऊ ऐकतात आणि दर दहा मिनिटांनी रजिस्टरात लिहितात, हाळी चालू. दोन मिनिटं हाळी थांबली की मोठे दिवे लावून दार उघडायचं. चालू असेल तर उघडायचं नाही, बाहेरचं बाष्प आत शिरून काचांवर बर्फ धरतं.

भाऊंनी सांगितलं की हाळी चिंचेच्या काळापासूनची आहे. तेव्हा हमाल आत एकमेकांना हाळी देत असत, आणि हाळी ऐकू येतेय तोवर दार लावायचं नाही असा दंडक होता. आम्ही तो उलटा केला. आता हाळी ऐकू येतेय तोवर दार उघडायचं नाही. भाऊ हे हसत म्हणाले, मीही हसले.

१० एप्रिल, गुरुवार

आज मी सावली चोख केली. हॉलमध्ये बारीकसारीक दिवे किती असावेत! कॅमेऱ्याचा लाल ठिपका, दिव्याजवळच्या दुसऱ्या माईकचा हिरवा, दारावरची बाहेर जाण्याची पाटी. चंद्रावर असल्या पाट्या नसतात. कॅमेरा आणि तो माईक काढून टाकला, पाटीवर काळी टेप मारली. भाऊ म्हणाले की पाटी ऱ्हाऊ द्या. मी त्यांना उजेडाच्या मोजमापावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं.

नंतर तासभर सावलीत होते. एक गंमत झाली. मी म्हटलं, उणे बत्तीस, आणि जरा वेळानं कोणीतरी पुरुषी आवाजात म्हटलं, उणे तेहेतीस. मला वाटलं प्रतिध्वनी, पण फोमच्या भिंतीवरून प्रतिध्वनी येत नाही. आणि आला तरी तो आकडा कसा बदलेल?

मिनिटभरानं काटा पाहिला. तेहेतीस.

१२ एप्रिल, शनिवार

काल आणि आज सारखंच. मी आकडा सांगायच्या आधी तो सांगतो. काटा नंतर तिथं येतो. आज आवाज पुरुषी नव्हता. बायकी होता, आणि बेलापूरकडचा हेल होता. माझा.

मी कशालाच घाबरत नाही, याचा माझ्या लहानपणी आईला फार ताप व्हायचा. पण आज घाबरले, लिहून टाकते. तरी नीट परीक्षा करायची म्हणून सावलीत घड्याळाच्या चमकत्या काट्यांकडं डोळे लावून पाच मिनिटं तोंड गच्च मिटून उभी राहिले. दोन मिनिटांनी दिवे लागायला हवे होते. लागले नाहीत. पाच मिनिटं संपली तरी अंधार.

बाहेर येऊन भाऊंवर तोफ डागली. माझा जीव गेला असता तर? त्यांनी रजिस्टर पुढं केलं. हाळी चालू, हाळी चालू. वर भागिरथीवहिनीच्या गळ्याची शपथ घेतली. म्हणाले, "मॅडम, येक मिनिटबी खंड न्हाई. तुमचा आवाज तर लई बेस येत हुता. इतका निवांत तुमी बाहीर कदी बोलत न्हाई."

त्यांचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. मला वाटलं होतं, निदान ते खोटं तरी बोलत असतील.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची सुट्टी. हॉल कुलूपबंद. भाऊंच्या घरी जेवायला गेले. गल्लीभर निळ्या पताका, वहिनीची खीर, पोरांचा डीजे. संध्याकाळपर्यंत मिरवणुकीत होते, भाऊ लेझीम खेळले, कोणी म्हणणार नाही की हा माणूस एरवी रजिस्टर लिहितो. आठ दिवसांत पहिल्यांदा अंग ऊबदार वाटलं. आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, येताना थोडी चिंच आण.

१५ एप्रिल, मंगळवार

कंट्रोल रूममधलं रेकॉर्डिंग मशीन काल बंद करायचं राहून गेलं होतं. सकाळी ते पुसण्याआधी सहज कानाला लावलं.

काल हॉलमध्ये कोणी नव्हतं. तरी सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत दर मिनिटाला आकडा आहे. माझ्या आवाजात. मध्येमध्ये सराव केल्यासारखं दुसरं काहीबाही. अजिनाथभाऊ, दार उघडा. अजिनाथभाऊ, काम झालं. एकदा नुसतं, आई.

भाऊंना ऐकवलं. त्यांनी मशीन बंद केलं. मग माझ्या आधी इथं असलेल्या हर्षलबद्दल बोलले. मला सांगितलं होतं की तो फेब्रुवारीत बेंगळुरूला चांगली नोकरी मिळून गेला. भाऊंनी सांगितलं की तो त्या दिवशी हॉलमधून बाहेर आला आणि चप्पल न घालता भर दुपारच्या फुफाट्यात चालत रस्त्याला लागला. हाक मारली तर वळला, पण भाऊंना ओळखलं नाही. त्याची आई अजून फोन करते म्हणे. मुलगा घरी आलाय पण तो बोलतो तेव्हा मला परक्यासारखं वाटतं, तिथं काय झालं होतं, असं विचारते.

आमचे प्रकल्पप्रमुख राधाकृष्ण सर, त्यांना पुण्याला फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि उन्हाचा त्रास होतोय का विचारलं. उद्या अकराला सूर्यास्त सुरू होणार, दिवा दोन तासांत खाली सरकत भुकटीआड जाणार. एकदा रात्र झाली की चौदा दिवस हॉल सीलबंद, कोणी काहीही झालं तरी उघडायचा नाही. तेवढे दिवस मला सुट्टी. फक्त त्याआधी दिव्याच्या बाजूच्या सौरपट्टीवरचा बर्फ पुसायचा. तो राहिला तर पेटी चार्ज न होता रात्रीत जाईल, तीन वर्षांचं काम मातीत, आणि हे केंद्र बंद. म्हणजे भाऊही घरी.

शेवटचं एकदा जाईन. दहा मिनिटांचं काम. भाऊ म्हणाले मी जातो, पण त्यांना पट्टी कळत नाही, आणि त्यांचे पाय त्या थंडीत सुजतात. मग आम्ही खूण ठरवली. मी प्रत्येक आकड्यापुढं बेलापूर म्हणायचं. आकडा नुसता आला, खुणेशिवाय, तर लगेच दिवे लावून दार उघडायचं. भाऊंना तीन वेळा म्हणायला लावलं. उद्या रात्री आईच्या हातचं जेवीन.

हे लिहिताना आत्ता लक्षात आलं. आम्ही बोललो तिथं, कंट्रोल रूममध्ये, टेबलावरचा स्पीकर दुहेरी आहे, तिथलं बोलणं हॉलच्या छतातल्या स्पीकरमधून आतही ऐकू जातं. तो बंद केला होता का मी? केला असेन.

१६ एप्रिल, बुधवार
११.२०

काठाच्या पश्चिमेला आहे, उजेडात. शाई गोठते, म्हणून पेन्सिल. मोबाईल बाहेर टेबलावर. येताना सावलीतून धावतच आले, खांबाजवळ दोन आकडे दिले, खुणेसकट. कोणी मधे बोललं नाही. पट्टीच्या कामाची दहा मिनिटं हाळी नसणार, हे भाऊंना सांगून ठेवलंय. पट्टी पुसून झाली. परत निघते.

११.३५

काठाजवळ गेले तेव्हा पलीकडून ऐकलं. उणे सदतीस, बेलापूर.

मी नव्हते बोलले. छतातल्या स्पीकरमधून भाऊंचा आवाज आला, व्हय मॅडम, चालू द्या.

स्पीकर चालू होता काल.

११.५०

फटीत शिरले. दोन पावलांवर वळण आहे. तिथं कोणीतरी उभं आहे. दिसलं नाही, तिथं काय दिसणार. पण माझ्या तोंडावर श्वास आला, आणि त्या श्वासाला ऊब नव्हती. मी मागं सरले. तोही सरला, बहुतेक पुढं. उलट धावत दिव्यापाशी आले.

परत बघितलं पाहिजे. काठावरून चढता येईल का — दगड भुकटीवर नुसते रचलेत, हात लावला की ढासळतात. दोनदा पडले. डाव्या हाताची बोटं कळत नाहीत.

१२.१०

ओरडले. घसा फुटेपर्यंत. अजिनाथभाऊ, दार उघडा, ती मी नाही. फोम आवाज गिळतो. माईक सावलीत आहे. इकडचा माईक मी स्वतः काढला. कॅमेरा मी काढला.

पलीकडून निवांत आवाज. उणे अडतीस, बेलापूर. भाऊंचं व्हय मॅडम. दोघांचं किती छान चाललंय.

आकडा थांबला की दोन मिनिटांत दार उघडेल. तो थांबत नाही.

१२.२५

दिवा खाली चाललाय. समोरून छाती भाजते, पाठीला जीव नाही. पेटीला हेच होतं, मी तिचे तक्ते केले होते. चांदीच्या कागदाचे पंधरा थर दिले होते पेटीला.

खड्यांच्या सावल्या लांबून एकमेकींत मिसळल्या. उजेडाचा पट्टा दहा पावलांचा. मी भिंतीला टेकून.

१२.४०

आवाज म्हणाला, भाऊ, काम झालं, येते. उघडा.

भाऊ म्हणाले, "या मॅडम. भागिरथीनं डबा ठिवलाय."

दाराचा खटका. काठावरून क्षणभर पांढरी रेघ दिसली, बाहेरचं ऊन. मग पुन्हा खटका.

सील लावण्याचा आवाज. पट्ट्या ओढल्यात. चौदा दिवस —

१२.५०

स्पीकर अजून चालू आहे. त्यातून सगळं ऐकू येतं. भाऊ विचारतायत, चेहरा असा का झालाय मॅडम, पानी देऊ का. भाऊ म्हणतायत बसा, एसटीला येळ हाय, स्टँडवर सोडतो.

भाऊ, बघा ना नीट. खूण विसरा. चेहऱ्याकडं बघा.

१.००

माझा मोबाईल वाजला. तिथं, टेबलावर.

उचलला. माझ्याच आवाजात:

हो आई. जेवते. आज घरी येतेय. हो, राहणार आहे. दार उघडं ठेव.

आईचं बोलणं ऐकू येत नाही. मग भाऊ हसले, म्हणाले, लई काळजी करती आई तुमची.

१.०५

पट्टा तीन पावलं. गाडी नगरहून पुढं निघेल, संध्याकाळी बेलापूर. आई दारात असेल.

फटीत आता कोणी नसणार. जो होता तो गेला. मग माईक आहे. काठापासून वीस पावलं. भाऊ निघायच्या आत पोचले तर — ओरडले तर — भाऊ कोणाचं ऐकतील, आवाज तोच —

तरी जाते. वही हातात ठेवते, न बघता लिहीन.

दिवा गेला

फट. हाताला दगड. कोणी नाही

दहा पावलं. बारा. बोटं नाहीत पेन्सिल मुठीत

माईक लागला. लाल बटण थंड. भाऊ भाऊ ऐका मी स्नेहल उणे एक्केचाळीस बेलापूर ऐकताय का

मोटारसायकल सुरू झाली

आईला सांगा कोणीतरी आई दार लाव घरी येतेय ती मी न